पासिंगपुरता पांढरा

पंधरा वर्षं झालेल्या गाडीकडे सरकार आणि शेजारी एकाच नजरेनं पाहू लागतात. सरकार म्हणतं, आरसीची मुदत संपली, गाडी पासिंगला आणा, पाच हजार फी भरा, पर्यावरण कर भरा आणि मग पुढची पाच वर्षं खुशाल चालवा. शेजारी फी घेत नाहीत, पण तपासणी त्यांचीच जास्त कडक. आमची २००९ सालची मारुती ८०० या दोन्ही परीक्षांना एकदमच बसणार होती. इंजिन ठणठणीत, ब्रेक बरे, हॉर्न तर गाडीच्या ऐपतीबाहेरचा. पण टपावरून हात फिरवला की तळहात पांढरा होत होता आणि दारांच्या खालच्या कडेला रंगाखाली फुगे आले होते.

गॅरेजवाल्यानं गाडीला एक प्रदक्षिणा घातली, एका फुग्यावर अंगठा दाबून आम्हाला ‘कर्र’ असा आवाज ऐकवला आणि पंचवीस हजार सांगितले. गाडी विकून तेवढे आले असते की नाही, याबद्दल घरात दोन मतं होती. हिशेब सरळ होता: रंग विकत घ्यायचा आणि त्याच्या आतली गाडी फुकट मिळाली असं समजायचं. असा व्यवहार सांगलीत कुणी करत नाही.

आणि रंगात एवढं काय असतं? या देशातली एक मोठी रंग कंपनी १९४२ साली मुंबईतल्या एका गॅरेजमध्येच जन्मली. तिच्यासाठी आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली काढलेला गट्टू हातात ब्रश आणि ओघळणारा डबा घेऊन आमच्या लहानपणी भिंतीभिंतीवरून हसत होता. त्याला कुणी डिप्लोमा विचारला नव्हता. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतसुद्धा बऱ्याच मोटारी ब्रशनंच रंगवत. एक हात, मग वाळवण, मग घासणं, मग दुसरा हात, असं करता करता एका गाडीत आठवडेच्या आठवडे जायचे. १९२३-२४ च्या सुमाराला ड्यूको नावाचा झटपट वाळणारा, फवारायचा रंग आला आणि कारखानदारांचा जीव भांड्यात पडला. आम्हाला कुठे घाई होती? आमच्याकडे पार्किंग होतं, रविवार होते आणि पंचवीस हजार नव्हते.

घाई नव्हती, तरी मुहूर्त लागतोच. पावसाळा बाद, ओल्या हवेत रंग वाळत नाही आणि कॉम्प्रेसरच्या नळीतून हवेबरोबर पाण्याचे थेंब येतात. उन्हाळा बाद, कारण गच्चीपासून पार्किंगपर्यंत पापड, कुरडया आणि सांडग्यांची वाळवणं पडलेली असतात. पांढरा एनॅमल कुरडईवर बसला तर तो दिसणार नाही, हा माझा युक्तिवाद कुणी ऐकूनच घेतला नाही. हिवाळ्यात साखर कारखान्यांचा गाळप हंगाम. धुराड्यांची काळी काजळी वाळत घातलेल्या धोतरालासुद्धा सोडत नाही, तर ओल्या पांढऱ्या बॉनेटला काय सोडणार! उरला दसरा आणि दिवाळीच्या मधला तुकडा. परतीचा पाऊस आटपलेला आणि बॉयलर जेमतेम पेटू लागलेले. शिवाय त्या दिवसांत सगळं गावच घराला रंग काढत असतं, त्यामुळे अंगावर रंगाचे शिंतोडे घेऊन फिरणाऱ्या माणसाला कुणी काही विचारत नाही.

रंग कोणता, यावर मात्र घरात चर्चा झाली. बायकोला लाल हवा होता. ‘‘अहो, नाहीतरी एवढं सगळं घासणारच आहात, तर जरा हौस तरी करा.’’ पण आरसीवर ‘पांढरा’ लिहिलेलं आहे. रंग बदलायचा तर आधी आरटीओला सांगून तिथली नोंद बदलून घ्यावी लागते. पासिंगच्या तोंडावर नवा अर्ज कोण करणार! शिवाय हौशी माणसाला पांढऱ्यासारखा दयाळू रंग नाही. काळ्या रंगात पत्र्यावरची प्रत्येक लाट आरशात पाहावी तशी दिसते. मेटॅलिकमध्ये चमकीचे कण जिथे जसे बसतील तसे ढग उमटतात आणि वरून पारदर्शक लॅकर मारावं लागतं ते वेगळंच. साधा पांढरा सगळं पोटात घालतो.

दुकानदारानं पीयू रंग पुढे केला. चकाकी झकास, वाळतो लवकर, टिकतोही. पण त्यात जो हार्डनर मिसळायचा त्यातली आयसोसायनेट नावाची रसायनं फवाऱ्याबरोबर श्वासात गेली की कायमचा दमा जडू शकतो. ती फवारायला बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा लागतो. तोंडाला उपरणं बांधून भागत नाही. पंचवीस हजार वाचवायचे आणि ते छातीच्या डॉक्टरांना नेऊन द्यायचे, याला काटकसर म्हणत नाहीत. आम्ही गेट रंगवतात तो साधा सिंथेटिक एनॅमल घेतला. तो सावकाश वाळतो, पुरता कडक व्हायला आठवडे घेतो आणि तोवर प्रत्येक चिलटाला आपल्याकडे बोलावून घेतो. पण स्वभावानं गरीब आहे. त्याच्यासाठीही वाफ अडवणारा डबीचा मास्क मात्र घेतला. पहिल्या दिवशी तो घालून जिन्यात गेलो तेव्हा दुधाची पिशवी तिथेच सोडून एक मूल पळालं.

लोकांना वाटतं, गाडी रंगवणं म्हणजे पिस्तुलासारखी गन हातात धरून ऐटीत उभं राहणं. ते फार तर एका सकाळचं काम. बाकी सगळं घासणं आहे. आधी साबणानं, मग थिनरच्या फडक्यानं पुसायचं, कारण डॅशबोर्ड चमकवायच्या स्प्रेतलं सिलिकॉन पत्र्यावर कुठे राहिलं असेल तर तिथून नवा रंग मागे सरकतो आणि माशाच्या डोळ्याएवढे खड्डे पडतात. मग गंज खरवडायचा. दाराच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, पंधरा वर्षांत ती मातीनं बुजलेली, म्हणजे दारात पाणी आणि पाण्यात दार. खरवडून चकचकीत पत्रा लागला की थांबायचं. काही ठिकाणी चकचकीत पत्र्याऐवजी पलीकडची फरशी दिसते, तिथे गॅस वेल्डिंगवाल्याला बोलवायचं.

खोलगट जागी लांबी भरायची. तिच्यात लाल हार्डनरचा चिमूटभर ठिपका मिसळला की ती मिनिटांत दगड होते. दूध उतू जायला जशी नेमकी आपली पाठ वळावी लागते, तशीच लांबी आवळायला आपला फोन वाजावा लागतो. जुनी गाडी घेणारे जाणकार लोक खिशात लोहचुंबक घेऊन फिरतात, ते या लांबीसाठीच. पत्र्याला ते चिकटतं, लांबीवरून घसरतं. आमच्या मागच्या डाव्या दारावर तर ते धरतच नाही.

त्यानंतर पॉलिश पेपर. आकडा लहान तेवढा कागद खरखरीत. एकशेवीसपासून सुरुवात करून चारशे, आठशे असं पाणी घेत घेत वर चढायचं. प्रायमर मारायचा आणि तोही घासायचा. मारलेलं सगळं घासून काढण्यासाठीच मारायचं, हे तत्त्वज्ञान बायकोला पटवताना मला फार त्रास झाला. तिला दिसत होतं ते एवढंच, की नवरा सकाळपासून एका दारावर बसला आहे आणि दार संध्याकाळी सकाळपेक्षा वाईट दिसतं आहे. पण या घासण्यात गाडी पहिल्यांदा नीट कळते. इतकी वर्षं आपण तिच्यात बसलो, तिला हात असा कधी लावलाच नव्हता. उजव्या मडगार्डवर पोचा आहे तो भाच्याच्या क्रिकेटचा, डिकीजवळची रेघ लग्नाच्या वरातीतली. आणि टपावर मधोमध एक खळगा आहे, त्याची जबाबदारी अजून कुणी घेतलेली नाही.

काचा झाकायला जुनी वर्तमानपत्रं लावली आणि कामात खरा अडथळा आला. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर फिरून परत येताना पुढच्या काचेपाशी थांबले, त्यांनी चष्मा लावला आणि अग्रलेख वाचायला घेतला. मी गन भरून उभा. तो संपला तसे ते बाजूच्या बातमीकडे वळले. तिच्याखाली ‘उर्वरित पान सातवर’ असं होतं. मास्तर पान सात शोधत गाडीभोवती फिरले. ते मागच्या काचेवर उलटं चिकटवलेलं निघालं, तर मान वाकडी करून त्यांनी तेही वाचलं आणि जाताना मला म्हणाले, ‘‘ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका फार आहेत हो.’’ म्हणजे जणू काचा मीच छापल्या होत्या.

भाड्यानं आणलेला अर्ध्या हॉर्सपॉवरचा कॉम्प्रेसर एक दार मारून झालं की धापा टाकत थांबायचा. टाकी भरेपर्यंत आम्ही दोघंही दम खायचो. कारखान्यात अख्खं धूड रसायनाच्या हौदात बुडवतात, दीडशे अंशांच्या आसपासच्या भट्टीत भाजतात, आणि इतकं करून सगळे थर मिळून जाडी भरते जेमतेम मिलिमीटरचा दहावा भाग. आमच्या थरांची जाडी ठिकठिकाणी स्वतंत्र आहे. भाजायला आश्विनातलं ऊन होतं. रंग संत्र्याच्या सालीसारखा थोडा रवाळ बसला. गॅरेजवाले या दोषाला असंच म्हणतात, त्यामुळे निदान दोष तरी नावाजलेला आहे.

पासिंगच्या दिवशी साहेबांनी दिवे पाहिले, वायपर पाहिले, हॉर्न ऐकून दचकले, चासी नंबर ताडून घेतला. रंगाकडे त्यांचं लक्ष गेल्याचं दिसलं नाही. मी मुद्दाम दोनदा टपावर हात ठेवून उभा राहिलो, तरी नाही. सही झाली.

डब्यात रंग उरला होता. एनॅमल टाकून देणं आमच्या घराण्यात बसत नाही. आधी गॅलरीतल्या कुंड्या पांढऱ्या झाल्या, मग झोपाळ्याच्या कड्या, आईचं पाट-स्टूल, पाण्याच्या टाकीचं झाकण. पुढच्या रविवारी सकाळी बेल वाजली. दारात मास्तर, हातात १९७० च्या सुमाराची हिरवी सायकल.

‘‘हिला पासिंग लागत नाही,’’ ते म्हणाले, ‘‘पण पेपर मी आणलेत. तुम्ही नुसतं घासायचं.’’