मिसेस गूल्डचा शिंजीर

"काकू, जास्वंदीवर शिंजीर आलाय बघा. याच्या हिमालयातल्या एका भाऊबंदाला बाईचं नाव आहे म्हणे, मिसेस गूल्ड."

"म्हणजे नवऱ्याचंच की गं!"

"तेच तर! एलिझाबेथ तिचं नाव, लंडनला असायची. लग्नाआधी एका घरी मुलीला शिकवायला राहिली, तिथे जीव रमेना म्हणून आईला पत्रं. 1829 साली जॉन गूल्डशी लग्न झालं. तो मेलेल्या पक्ष्यांत पेंढा भरायचा. हिमालयातून पक्ष्यांची कातडी आली आणि गड्याच्या डोक्यात पुस्तक शिरलं. मजकूर व्हिगर्स नावाच्या गृहस्थाने लिहिला, 80 चित्रं बायकोनं काढली."

"आणि पुस्तक कुणाचं?"

"गूल्डसाहेबांचं! छापायचं म्हणजे तेव्हा चुनखडीच्या दगडावर खडूनं चित्र काढायचं, तेही उलटं, आणि छापून झालं की एकेक प्रत हातानं रंगवायची. डार्विननं गालापागोसहून आणलेले ते फिंच, तेही हिनेच चितारले. सहाशेच्या वर चित्रं, काकू, आणि बाळंतपणं आठ."

"अगं बाई!"

"1838 साली नवऱ्याबरोबर ऑस्ट्रेलियाला निघाली. थोरल्याला सोबत घेतलं, तीन लहानगी आईच्या पदरात. होबार्टला गव्हर्नर फ्रँकलिनच्या बंगल्यात मुक्काम. तिथे मुलगा झाला, त्याचं नाव ठेवलं फ्रँकलिन."

"यजमान खूश! आणि नवरा?"

"रानात, बंदूक घेऊन. ही आईला कळवते, तुमचे जावई पाखरांचे वैरीच निघालेत, मारतात काय, घरटी लुटतात काय! थट्टेनंच हं. त्याच्या वेडाचं कौतुकही करते. मला तर तिच्या चित्रांपेक्षा ही पत्रंच आवडली. वंशजांच्या घरात होती, आता सिडनीच्या मिचेल लायब्ररीत आहेत. 1944 साली चिशोम नावाच्या लेखकानं त्यांवरून तिची गोष्ट लिहिली, तेव्हा कुठे बाई लोकांपुढे आली."

"मुलं भेटली ना परत?"

"भेटली. पण परतल्यावर वर्षभरातच, 1841 मध्ये, आठव्या बाळंतपणात ताप आला आणि गेली. वय 37. मग त्याने ऑस्ट्रेलियातल्या एका देखण्या फिंचला तिचं नाव दिलं."

"गूल्डच ना पुन्हा! बरं, दुसरं लग्न केलं का त्याने?"

"नाही केलं."

"तेवढं तरी बरं."

"चित्रकार मात्र त्याच वर्षी दुसरा नेमला."