आडनाव खुंटीला टांगा

फिनलंडमधल्या एस्पोत नोकरीला लागलेल्या मराठी इंजिनिअरला पहिल्याच हिवाळ्यात कंपनीचं एक निमंत्रण येतं. शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता, तळ्याकाठी, सगळ्या टीमसाठी सौना. सोबत काय आणावं? टॉवेल. बस्स, यादी संपली. बाकी कशाचाच उल्लेख नाही, आणि त्या अनुल्लेखानेच त्याची झोप उडते. तो बायकोला विचारतो, पुण्यातल्या मित्राला विचारतो, इंटरनेटला विचारतो. आईला विचारत नाही.

सर्दी झाली हे कारण एकदा चालतं. ऐनवेळी मॅनेजरचा कॉल आला हे अजिबात चालत नाही, कारण मॅनेजर आतच बसलेला असतो. आणि चुकवून जाणार कुठे? देशात लोक सुमारे ५६ लाख आणि सौना सुमारे ३० लाख. घरात सौना, सोसायटीत सौना, तरणतलावावर सौना, संसदेत सौना, परदेशातल्या वकिलातींत सौना. हेलसिंकीत एका बर्गरच्या दुकानातसुद्धा होता. २०२० साली युनेस्कोने ही संस्कृती मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंदवली. तेव्हापासून नाही म्हणणं म्हणजे थेट मानवजातीचा अपमान.

तेव्हा परदेशस्थ आप्तेष्टांची लाज राखण्यासाठी, म्हणजे राखण्याजोगी जेवढी उरते तेवढी राखण्यासाठी, ही थोडी शिकवणी.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. ‘आमच्या मुंबईत मे महिन्यात रस्त्यावरच सौना असतो’ हा विनोद यजमानाला सांगू नये. आजवर भेटलेल्या प्रत्येक भारतीयाने तो त्याला सांगितलेला आहे आणि प्रत्येक वेळी तो सभ्यपणे हसला आहे. त्याचा कोटा संपला आहे.

पहिला प्रश्न अर्थातच कपड्यांचा. इथे आपल्या माणसाकडे एक पिढीजात विद्या असते: टॉवेलच्या आत चड्डी बदलणे. गोदावरीच्या घाटावर, गणपतीपुळ्याच्या वाळूत, चंद्रभागेच्या गर्दीत तिने आपल्याला तारलं आहे. टॉवेलचं एक टोक दातात, दुसरं कोपराखाली, एका पायावर तोल सांभाळत ओली काढायची, कोरडी चढवायची, आणि हे चालू असताना शेजारच्याशी पाऊसपाण्याच्या गप्पाही थांबू द्यायच्या नाहीत. आपल्या बायका तर भर घाटावर ओलं लुगडं सोडून कोरडं नेसतात आणि बघणाऱ्याला काही म्हणजे काही दिसत नाही. ही सगळी कला सौनाच्या कपडे बदलायच्या खोलीत फुकट जाते. तिथे सत्तरीचे एक आजोबा दिगंबर अवस्थेत शांतपणे चष्मा पुसत उभे असतात. त्यांच्यासमोर आपण टॉवेलात झटापट सुरू केली की त्यांना वाटतं, याला फिट आली. ते मदतीला धावतात. तसेच धावतात.

तरणतलावांवर पुरुषांचा सौना वेगळा, बायकांचा वेगळा, एवढा दिलासा आहे. कंपनीच्या संध्याकाळीही बहुधा पाळ्या लावतात. मात्र कपड्यांबाबत देशाचं एक धोरण नाही. हेलसिंकीत तलावावरच्या सौनात स्विमसूट घालून बसणं म्हणजे गलिच्छपणा. क्लोरीनचं पाणी प्यालेलं ते कापड त्या उष्णतेत नको, असं त्यांचं म्हणणं. त्याच हेलसिंकीत समुद्रकाठी २०१६ साली उघडलेला ‘लोय्ल्यू’ नावाचा देखणा सौना आहे, वास्तुकलेच्या मासिकांचा लाडका. तिथे स्त्री-पुरुष एकत्र बसतात, म्हणून स्विमसूट सक्तीचा. म्हणजे एकाच शहरात, एकाच देहाने, सकाळी घातला म्हणून अपराधी आणि संध्याकाळी विसरलो म्हणून अपराधी. आणि यूर्योनकातू रस्त्यावरच्या १९२८ सालच्या तरणतलावात तर २००१ पर्यंत पोहतानाही अंगावर कपडा चालत नसे. आता तो ऐच्छिक केला आहे. जुन्या मंडळींच्या दृष्टीने संस्कृती बुडायला एवढं पुरे.

जर्मनीत असाल तर देव तुमचं रक्षण करो. तिथे बहुतेक ठिकाणी सौना एकत्र आणि विवस्त्र, वर कायदा असा की घामाचा थेंब लाकडावर पडता कामा नये. टॉवेल टाचांखालीसुद्धा यायला हवा. ठरलेल्या वेळी एक अधिकृत इसम येतो, तापल्या दगडांवर सुगंधी पाणी ओततो, टॉवेल गरगर फिरवून वाफ सर्वांपर्यंत पोचवतो आणि शेवटी लोक टाळ्या वाजवतात. म्युनिकच्या मराठी मंडळींनी ही आरती समजून तीर्थासाठी हात पुढे करू नये.

पुन्हा फिनलंड. आत जाण्याआधी आंघोळ. ‘सकाळी केली ना’ हे उत्तर चालत नाही. तिथेच, सर्वांसमक्ष, नीट करायची. अंगाला तेल, उटणं, निलगिरी, व्हिक्स यांपैकी काही नको. बसताना बुडाखाली छोटा टॉवेल किंवा दारापाशी ठेवलेला कागदी तुकडा घ्यायचा. एकच घ्यायचा. फुकट दिसले म्हणून दहा-बारा बॅगेत टाकू नयेत, डोंबिवलीत त्यांना गिऱ्हाईक नाही.

आत लाकडी पायऱ्या असतात. वरची पायरी सगळ्यात तप्त. तिथे पारा ८० ते १०० अंशांच्या दरम्यान असतो. आता आपला माणूस आयुष्यभर लग्नाच्या हॉलपासून नाट्यगृहापर्यंत वरची किंवा पुढची जागा धरण्यात घडलेला. तो कसलाही विचार न करता सरळ वर जाऊन बसतो. मिनिटभरात कानाच्या पाळ्या पेटतात, नाकातून आत जाणारी हवा चटके देते, पण आता उतरायचं कसं? खाली लहान मुलं बसलेली आहेत! वास्तविक खाली बसण्यात तिथे काही कमीपणा नाही, आणि उठून जायचं तर कधीही जावं, कोणी मोजत नाही.

मोजणारे होते एके काळी. हाइनोला गावात १९९९ पासून सौनाची जागतिक स्पर्धा भरत असे: ११० अंश, दर अर्ध्या मिनिटाला दगडांवर अर्धा लिटर पाणी, शेवटी आत उरेल तो जगज्जेता. २०१० च्या अंतिम फेरीत एक स्पर्धक गेला, दुसरा भयंकर भाजला आणि स्पर्धा कायमची बंद झाली. स्वस्थ बसण्याचीही शर्यत लावून पाहिलेली ही माणसं आहेत. त्यांच्या विरक्तीने फार दिपून जाऊ नये.

पाण्याचा मामला नाजूक. दगडांवर पळीभर पाणी टाकलं की वाफेचा लोळ उठतो आणि क्षणात तो पाठीवर येऊन आदळतो. म्हणून टाकण्याआधी विचारायचं. वरच्या पायरीवरच्यांचा कौल महत्त्वाचा, कारण शिजायचं त्यांना असतं. सर्वांत मोठं पाप कोणतं, तर भरपूर पाणी ओतून स्वतः दार उघडून निघून जाणं. सोसायटीच्या वार्षिक सभेत हे काम करणारे एक काका आपल्या प्रत्येक इमारतीत असतात: पार्किंगचा पेटता विषय टाकायचा आणि ‘गॅसवर दूध ठेवलंय’ म्हणून पसार व्हायचं. अशांना फिनलंडचा व्हिसा देऊ नये. आणि दार चटकन लावायचं. ‘तुम्ही आधी’, ‘छे छे, तुम्ही’ हा आपला उंबरठ्यावरचा सोहळा चालू राहिला तर आत जाईपर्यंत सौना गार होतो.

हे सगळं मात्र सरावाने जमतं. जमत नाही ते शेजारी बसलेल्या माणसाला तसाच सोडून देणं. आपल्याला कोणाचं आडनाव, गाव आणि कामाचं ठिकाण कळल्याशिवाय त्याच्याशी वागायचं कसं हेच समजत नाही. अहो म्हणायचं की अरे, उठून उभं राहायचं की नुसती मान हलवायची, ‘आमच्या भाच्याचं जरा बघा ना’ हे आज सांगायचं की ओळख वाढल्यावर, सगळं त्यावर ठरतं. सौनात या चौकशीला आधारच उरत नाही. इस्त्री नाही, घड्याळ नाही, गळ्यात ओळखपत्र नाही, हातात फोन नाही. समोर घामाने निथळणारा गृहस्थ कंपनीचा मालक आहे की बसचा ड्रायव्हर, हे शरीरावरून सांगता येत नाही. उलट बसच्या ड्रायव्हरची तब्येत बरी असते. आणि विचारणं असभ्य! आपला माणूस वाफेने नाही, या कुतूहलाने घामाघूम होतो.

फिनिश माणूस आत तोंड शिवून बसतो असंही नाही. बाहेर वर्षभर बोलणार नाही ते तो कधी तिथे बोलून जातो. मात्र पद, पगार, पक्ष आणि भांडण दाराबाहेर. जुन्या लोकांची शिकवण अशी की चर्चमध्ये वागतो तसं सौनात वागावं. मराठी पाहुण्याला हे भाषांतर करून सांगण्याची चूक कोणी करू नये. आपण देवळात वागतो तसे तिथे वागलो, म्हणजे मागच्याला कोपर मारत, फोन उंच धरून, ओळखीच्या पुजाऱ्याला हाक मारत आणि शंभर रुपये देऊन वेगळ्या रांगेतून, तर पोलीस बोलवावे लागतील.

खुद्द फिनिश लोकांनी राजकारण बाहेर ठेवलं का? नाही. राष्ट्राध्यक्ष उर्हो केक्कोनेन यांनी १९६० साली, आपल्या साठाव्या वाढदिवशी, सोव्हिएत नेते ख्रुश्चेव यांना घरच्या सौनात नेलं आणि ती बैठक पहाटेपर्यंत रंगली. पुढच्याच वर्षी फिनलंडने पश्चिम युरोपातल्या एफ्टा या व्यापारसंघाशी करार केला आणि मॉस्कोने तो खपवून घेतला. याचं श्रेय वाफेला देण्याची तिकडे पद्धत आहे. माझा अंदाज वेगळा आहे: ख्रुश्चेव यांना फक्त बाहेर पडायचं असावं.

आपल्या विधान भवनात हा प्रयोग करायला माझी ना नाही, पण अडचणी दिसतात. कडक स्टार्च केलेल्या पांढऱ्या कपड्यांवाचून साहेब ओळखायचे कसे? कार्यकर्त्याने वाकायचं कोणापुढे? पळी धरायला स्वीय सहायक, घाम टिपायला जिल्हाध्यक्ष, आणि दारावर ‘घर्मसम्राट’ असा फ्लेक्स हवाच. वरच्या पायरीवर कोणी बसायचं यावरून तिसऱ्या मिनिटाला पक्ष फुटेल आणि फुटलेला गट ‘मूळ सौना आमचाच’ म्हणत पळी हे चिन्ह मागायला निवडणूक आयोगाकडे जाईल. टॉवेल न घेता.

हेलसिंकीतला सोम्पासौना तर आपल्या लोकांनी चुकूनही पाहू नये. स्वयंसेवकांनी उभारलेला, चोवीस तास उघडा, ना तिकीट ना पहारेकरी. लाकडं संपली तर ज्याला थंडी वाजते त्याने फोडायची. ‘अध्यक्ष कोण? पावती कुठे फाडायची? उद्घाटनाची पाटी दिसत नाही?’ असं विचारणाऱ्याच्या हाती कुऱ्हाड देतात.

त्यापेक्षा सोसायटीतला सामाईक सौना आपल्याला मानवतो. तिथे आठवड्याची ठरलेली वेळ असते, यादीत नाव लागतं, महिन्याला थोडे पैसे पडतात. शुक्रवार-शनिवारच्या संध्याकाळला मागणी फार. कोणी वेळ संपल्यावरही रेंगाळला किंवा पाण्याचा नळ तसाच ठेवून गेला, तर फिनिश शेजारी तोंडावर बोलत नाही, जिन्यात चिठ्ठी लावतो. ठसठशीत अक्षरात, निनावी, थंडगार शब्दांत. सदाशिव पेठेतून गेलेल्या मुलीला त्या जिन्यात पहिल्यांदा माहेर भेटतं.

ज्यांच्या फ्लॅटमध्येच चिमुकला सौना असतो, त्या मराठी घरांनी आपला तोडगा कधीच काढला आहे. वरच्या पायरीवर रिकाम्या सुटकेसी, मधल्या पायरीवर गणपतीचं मखर आणि दिवाळीचे कंदील, खाली दहा किलो बासमती. यात लाजायला नको; अनेक फिनिश घरांतही तिथे स्कीच्या पट्ट्या आणि हिवाळी बूटच बसलेले असतात.

आतून तापून निघाल्यावर बाहेर येऊन गार व्हायचं असतं. कोटिहार्यू हा १९२८ सालचा, लाकडावर तापणारा सार्वजनिक सौना. तिथली माणसं टॉवेल गुंडाळून रस्त्यावरच बसतात, अंगातून वाफा निघत असतात, हातात बिअर असते आणि समोरून लोक भाजी घेऊन घरी चाललेले असतात. कोणी वळून बघत नाही. आपला माणूस इथे जरा सुखावतो, कारण निदान टॉवेल परत मिळालेला असतो, आणि इथे बोललेलं चालतं. पण तोवर दुसरंच दुःख जागं होतं: आत फोटो काढता आला नाही. एवढं विमानाचं भाडं, एवढी हिंमत, आणि पुरावा काही नाही! शेवटी तो जॅकेट चढवून, टॉवेल खांद्यावर टाकून, बंद लाकडी दाराशेजारी उभा राहतो आणि तो फोटो घरच्या ग्रुपवर जातो.

आत्या लिहिते, डोकं नीट पुस, सर्दी होईल. मावशी विचारते, आत बायका होत्या का? मग बराच वेळ ‘टायपिंग’ दिसत राहतं आणि ठाण्याच्या काकांचा संदेश येतो: हेच आमच्या वज्रेश्वरीला फुकटात मिळतं, आणि चड्डीसकट.