साउंडबॉक्सचा ठराव

आमच्या मंडळीच्या पंचकमिटीपुढे नुकताच एक ठराव आला. दानासाठी क्यूआर कोडचा फलक वेदीच्या खाली लागलेलाच आहे. आता त्याच्या शेजारी, वाण्याच्या गल्ल्यावर असतो तसला साउंडबॉक्स बसवावा, म्हणजे दान आल्याबरोबर रक्कम मोठ्याने जाहीर होईल. ठराव तरुण संघाने मांडला आणि अनुमोदन ज्येष्ठांनी दिलं. या दोन गटांचं याआधी कधी एकमत झाल्याचं कोणाला आठवत नाही, त्यामुळे पाळकसाहेबांनी हे पवित्र आत्म्याचं कार्य मानलं आहे.

माझा ठरावाला पाठिंबा आहे आणि तो मी या सदरातून जाहीरपणे देतो. जाहीरपणे दिल्याशिवाय आमच्याकडे दिलं असं धरतच नाहीत.

विरोध करणारे एक-दोघे सगळीकडे असतात. त्यांनी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय उघडला. दान करताना कर्णा वाजवायचा नाही आणि एका हाताचं दुसऱ्या हाताला समजू द्यायचं नाही, अशी प्रभूची ताकीद तिथे आहे, हे कोणीच नाकारलं नाही. पण आमच्यातल्या एका निवृत्त वकिलांचा युक्तिवाद बिनतोड होता. मनाई कर्ण्याला आहे, साउंडबॉक्सचा उल्लेख नाही. शिवाय मोबाइल डाव्या हातात धरावा लागतो आणि पिन उजव्या हाताने टाकावा लागतो. डाव्याला कळू न देता यूपीआय चालतच नाही. विरोधकांकडे यावर उत्तर नव्हतं.

खरं तर हा कर्ण्याचा मामला जुना आहे. मिश्ना या यहुदी ग्रंथात यरुशलेमच्या मंदिरातल्या तेरा दानपेट्यांचं वर्णन येतं. त्यांचा आकार शिंगाच्या कर्ण्यासारखा होता, म्हणून काही अभ्यासकांना वाटतं की प्रभूचा टोला त्या पेट्यांत खणखणाट करत पडणाऱ्या नाण्यांना होता. म्हणजे साउंडबॉक्स हा आजच्या पोरांचा शोध नाही. त्याच ग्रंथात मंदिरातल्या आणखी एका खोलीबद्दल सांगितलं आहे. पापभीरू माणसं तिथे गुपचूप पैसे ठेवून जात आणि चांगल्या घरातली, पण दिवस फिरलेली माणसं तितक्याच गुपचूप त्यातून निभावून नेत. कोणी दिलं, कोणी घेतलं, कोणाला पत्ता नाही. अशी खोली आमच्या आवारात बांधायची म्हटलं, तर पहिला प्रश्न कोनशिलेवर नाव कोणाचं हा येईल. दुसरा सीसीटीव्हीचा.

आमच्याकडे पूर्वी मखमली थैली फिरायची. थैलीचा दोष असा की तिच्यात हात आत जातो. मुठीत शंभराची नोट आहे की दहाची हे फक्त देवाला दिसतं, आणि देव पंचकमिटीला कळवत नाही. म्हणून थैली जाऊन ताट आलं. ताटात नोट उघडी पडते, शेजारच्याची मान न वळवता नजर वळते, आणि दहाची नोट काढायला खिशात गेलेला हात पन्नासची घेऊन बाहेर येतो. पुढे नाव छापलेली पाकिटं आली आणि वार्षिक अहवालात दात्यांची यादी आली. प्रत्येक पायरीला उत्पन्न वाढलं. या अहवालात शेवटून दुसऱ्या ओळीला ‘गुप्तदान’ असा एक रकाना असतो. त्यात वर्षाकाठी जी रक्कम दिसते, तिच्यावरून आमच्या मंडळीत गुप्त राहू इच्छिणाऱ्यांची संख्या सहज काढता येते.

पण ज्याने उपकारस्तुतीची पाकिटं वाचली जाताना ऐकलेलं नाही, त्याला मराठी मंडळीचं वैभव कळलेलंच नाही. उपदेशाच्या आधी पाळकसाहेब एकेक पाकीट उचलतात, नाव वाचतात, कारण वाचतात, मग रक्कम. चिरंजीव दहावीला 91 टक्के मिळवून पास झाल्याबद्दल 501. पित्ताशयाची शस्त्रक्रिया सुखरूप पार पडल्याबद्दल 501. नवीन चारचाकी मिळाल्याबद्दल 2,001. कन्येला कॅनडाचा व्हिसा मिळाल्याबद्दल 5,001. यातून आमच्या श्रद्धेचा दरपत्रकासारखा स्वच्छ तक्ता तयार होतो. पित्ताशयापेक्षा गाडी चौपट प्यारी आणि कॅनडा दहापट. ही पाकिटं ऐकत असताना मंडळीत जी शांतता पसरते, ती प्रभुभोजनाच्या वेळीही नसते. लग्नाची मुलगी कोणाकडे, मुलगा कुठे लागला, फ्लॅट किती खोल्यांचा, सगळं या दहा मिनिटांत कळतं. नंतरचा उपदेश ऐकायला लोक बसतात ते सभ्यता म्हणून.

आणि तो वरचा एक रुपया पाहा. बाप्तिस्म्याच्या पाण्याने आमच्या पूर्वजांचं नाव धुतलं, देव धुतला, जात मात्र जरा चिवट निघाली. तो एक रुपया मात्र कुठल्याही पाण्याला दाद देत नाही. पाचशेवर एक घातल्याशिवाय देवाला पावतं यावर आमचा अजून विश्वास बसलेला नाही.

हंगामाच्या सणाला तर बोलीच लागते. बाजरीचं पोतं, भोपळा, कोंबडी, पेरू, घरचं लोणचं असं सगळं वेदीपुढे मांडलेलं असतं आणि उपासना संपली की आवारात लिलाव. गेल्या हंगामात एक अंडं हजाराच्या वर गेलं. एका ठेकेदाराने घेतलं आणि लगेच परत अर्पण केलं. मग दुसऱ्या ठेकेदाराने अकराशेला घेतलं. त्यानेही परत दिलं. एक वार, दोन वार, तीन वार करता करता ते अंडं दोघांच्या मधे उन्हात इतका वेळ फिरलं की शेवटी ते उकडलेलं आहे की कच्चं यावर पैज लागली. अंडं आणलं होतं गावाबाहेरच्या वस्तीवरच्या एका आजींनी, घरातली एकुलती कोंबडी होती तिचं. अहवालात दाते म्हणून दोन्ही ठेकेदारांची नावं आहेत. आजींचं नाव नाही, कारण त्यांनी पैसे दिले नव्हते.

इथे वाचक नाक मुरडतील, म्हणून ढोंग्यांच्या बाजूने दोन शब्द बोलणं भाग आहे. आमच्या देवळाचं छप्पर गळत होतं तेव्हा मनापासून विश्वास असणाऱ्यांनी मनापासून प्रार्थना केली. छप्पर गळतच राहिलं. पत्रे आले ते पहिल्या ठेकेदाराच्या पैशाने, आणि तेही दुसऱ्या ठेकेदाराने पंखे दिले म्हणून. पंख्याच्या पात्यांवर वडिलांच्या स्मरणार्थ नावं रंगवलेली आहेत. पंखा सुरू केला की नाव दिसत नाही, म्हणून त्यांच्या कुटुंबाच्या रांगेवरचा पंखा मे महिन्यातही बंद असतो. पण छपराखाली तर आपण सगळेच बसतो. प्रभूने म्हटलंच आहे की अशा दात्यांना त्यांचं वेतन मिळून चुकलं आहे. मी म्हणतो, मिळू द्या. मजुरी वेळेवर चुकती करणारा एक तरी व्यवहार देशात असावा.

शिवाय आम्ही प्रॉटेस्टंट. पापाच्या शिक्षेत सूट देणाऱ्या चिठ्ठ्या विकल्या जात होत्या, त्यावरून 1517 साली लूथर भडकला आणि त्यातून आमचा पंथ निघाला. त्या चिठ्ठ्यांचा निम्मा पैसा रोमच्या सेंट पीटर्सच्या बांधकामाला आणि निम्मा आल्ब्रेख्त नावाच्या आर्चबिशपचं फुगर सावकारांचं कर्ज फेडायला जात होता. हा दुसरा निम्मा चिठ्ठ्या विकत घेणाऱ्या भाविकांना ठाऊक नव्हता. असल्या चिठ्ठ्या आमच्या मंडळीत कधीच विकल्या जाणार नाहीत. आम्ही पावती देतो. इमारत निधीच्या पावत्या माझ्याकडे शाळेत असल्यापासूनच्या आहेत. इमारत दिसली की मी त्या दाखवीन.

आणि तुलना करायचीच तर जगाशी करा. अमेरिकेतल्या लुइझियानाचे प्रचारक जेसी डुप्लांटिस यांनी 2018 मध्ये भाविकांना नवं खासगी विमान घेऊन द्यायला सांगितलं. किंमत सुमारे 5.4 कोटी डॉलर, आणि हे त्यांचं चौथं विमान. प्रभू आज भूतलावर असता तर गाढवावरून हिंडला नसता, असं त्यांचं म्हणणं. जर्मनीत लिम्बुर्गचे बिशप टेबार्ट्झ-व्हान एल्स्ट यांचं निवासस्थान आणि भोवतालचं बांधकाम 3.1 कोटी युरोंवर गेलं. त्यात आंघोळीचा टब 15,000 युरोंचा. पण त्यांचं खरं कर्तृत्व आपल्या देशाशी जोडलेलं आहे. 2012 साली ते बंगळूरला गरिबांसाठी चाललेलं काम पाहायला आले, आणि आले ते विमानाच्या पहिल्या वर्गातून. बातमीदाराने विचारलं तेव्हा त्यांनी ते नाकारलं आणि कोर्टात तसं प्रतिज्ञापत्रही दिलं. खोटं उघडं पडलं. 20,000 युरो भरून तो खटला मिटला आणि 2014 मध्ये पोपने त्यांचा राजीनामा मंजूर केला. आमचे दोन्ही ठेकेदार वस्तीवर कधी गेलेलेच नाहीत, त्यामुळे कुठल्या वर्गातून गेले हा प्रश्न उद्भवत नाही.

खोटं म्हटलं की प्रेषितांच्या कृत्यांतले हनन्या आणि सप्पीरा हे जोडपं आठवतं. जमीन विकली, थोडे पैसे ठेवून घेतले आणि सगळेच आणल्याचं सांगितलं. दोघेही जागच्या जागी मेले. उपदेशात ही गोष्ट नेहमी कंजुषीची म्हणून सांगितली जाते. पण पेत्राचा खरा ठपका पैसे कमी असण्यावर नव्हता. जमीन तुझी होती, पैसाही तुझा होता, हे त्याने कबूल केलं. जीव गेला तो आव आणल्याबद्दल. तो नियम चालू राहिला असता, तर आमच्या दफनभूमीला लागून असलेलं शेत केव्हाच विकत घ्यावं लागलं असतं, आणि ते विकत घ्यायला कोणी उरलं नसतं.

विधवेच्या दोन टोल्यांवरही आमच्याकडे दरवर्षी उपदेश होतो, बहुतेक वर्गणी थकली की. मार्काच्या बाराव्या अध्यायात ही गोष्ट आहे. तिच्या नेमकं आधी प्रभू अशा शास्त्र्यांवर कडाडला आहे, ज्यांना लांबलचक प्रार्थना करायला, सभास्थानात पुढच्या जागा धरायला आणि विधवांची घरं गिळायला आवडतं. वाचन मात्र त्यांच्या नंतरच्या ओळीपासून सुरू होतं. वाचणारे पुढच्या जागेवर बसलेले असतात, हा योगायोग.

एकदा मी कमिटीत ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचं नाव काढलं. 1917 साली त्यांनी अमेरिकन मराठी मिशन सोडलं, पगारावर पाणी सोडलं आणि बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या सगळ्यांसाठी ‘देवाचा दरबार’ मांडला. या माणसाच्या हातात पैसा कसा टिकत नसे, याचा हिशेब त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त आहे, आणि तो हसत मांडलेला असला तरी चूल तिचीच पेटायची राहत होती. माझं ऐकून खजिनदारकाका गंभीरपणे म्हणाले, “कवी म्हणून मोठा माणूस. पण अशा माणसाच्या सहीने बँकेत खातं उघडणार नाही.” मला यावरही उत्तर सुचलं नाही. ख्रिस्ती लोकांकडे परदेशातून पोतं भरून पैसा येतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा खजिनदारकाकांचा महिनाअखेरचा चेहरा पाहावा.

मिझोरममध्ये वेगळीच तऱ्हा आहे. तिथल्या ख्रिस्ती घरांत शंभरहून अधिक वर्षं बायका स्वयंपाकाला तांदूळ घेताना एक मूठ बाजूला काढतात. पुढे तो तांदूळ गोळा होतो, विकला जातो आणि त्यातून चर्चला कोट्यवधी रुपये मिळतात. मूठ काढताना स्वयंपाकघरात कोणी नसतं, टाळ्या नसतात, पाकिटावर कारण लिहिलेलं नसतं. ही माहिती मी बैठकीत सांगितली तेव्हा महिला मंडळाच्या एक बाई म्हणाल्या, “आमच्याकडे चालेल की. पण मूठ कोणाची मोठी, कोणाची लहान, हे कसं कळणार?” त्यांच्या पाठीमागच्या बाकावर अंडंवाल्या आजी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “भगुण्याला कळतं, बाई.” त्यावर कोणी काही बोललं नाही. कार्यवृत्तातही आलं नाही, आजी कमिटीच्या सभासद नाहीत.

मग ठरावावर दुरुस्त्या आल्या. पाळकसाहेबांनी सुचवलं की उपदेश चालू असताना आवाज बंद ठेवावा. तरुण संघ म्हणाला, उलट उपदेश चालू असतानाच लोक मोबाइल हातात घेतात. वकिलांनी सुचवलं की 51 रुपयांखालचं दान यंत्राने उच्चारू नये, देणाऱ्याचा संकोच होतो. एकाने विचारलं, रकमेबरोबर नावही बोलता येईल का? ते यंत्रात बसत नाही असं कळलं, तेव्हा क्षणभर ठरावच बारगळतो की काय असं वाटलं. पण पैसे पाठवताना ज्याने-त्याने आपापल्या जागेवर उभं राहावं अशी तोड निघाली आणि ठराव बिनविरोध मंजूर झाला. विरोधक त्या वेळी चहा आणायला गेले होते.

उठता उठता कोणीतरी म्हणालं, या यंत्राला दरमहा भाडं असतं, ते कुठल्या खात्यातून द्यायचं? खजिनदारकाकांनी अहवाल उघडला, वरून खाली बोट फिरवलं आणि म्हणाले, “गुप्तदानातून भागवू.”