न पाहिलेला सामना सांगावा कसा

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आपल्याकडे जे जागे होते ते नीरज चोप्राचा भाला बघत होते. योग्यच केलं. पण त्याच रात्री साडेबाराला, तिकडे पॅरिसच्या बर्सी अरेनात, ऑलिम्पिक बास्केटबॉलचा अमेरिका-सर्बिया उपांत्य सामना सुरू झाला, आणि सकाळी ऑफिसात कुणीतरी ‘काय मॅच झाली राव!’ म्हणालाच. अशा वेळी मान खाली घालायचं कारण नाही. सामना संपला की खेळाडूंच्या आकड्यांचा एक तक्ता निघतो. तो वाचता आला की न पाहणारा माणूस पाहणाऱ्यापेक्षा जास्त ठामपणे बोलू शकतो. पाहणाऱ्याला शंका असतात. खालचं मार्गदर्शन अगदी नवशिक्यांसाठी आहे. शाळेच्या संघातून खेळलेल्यांनी इथेच थांबावं, उगाच चुका काढू नयेत.

सुरुवात मिनिटांच्या रकान्यापासून करा, कारण तो कोणीच बघत नाही. आंतरराष्ट्रीय सामना चाळीस मिनिटांचा, मैदानात एका संघाचे पाच जण, म्हणून एका संघाच्या मिनिटांची बेरीज २०० आली पाहिजे. पाच मिनिटांचा जादा डाव झाला तर २२५. ही बेरीज चहा पिता पिता तोंडी करून दाखवली की निम्मे श्रोते गप्प होतात. उरलेल्यांसाठी हे वाक्य पाठ करा: ‘एनबीएचा सामना ४८ मिनिटांचा असतो, तिकडचे आकडे इथे लावू नका.’ कुठल्याही वादात चालतं, आणि खरंही आहे.

आता नेमबाजी. इथे नवशिके हमखास पडतात, म्हणून जरा थांबू. स्टीफन करीच्या ओळीत ‘१२/१९’ दिसेल आणि पलीकडे ‘९/१४’. म्हणजे त्याने एकवीस बास्केट केल्या, असं म्हणालात तर विषय तिथेच संपला. ते नऊ त्या बारांच्याच पोटात आहेत. एकोणीस वेळा बॉल टाकला, बारा वेळा आत गेला. त्या बारांतले नऊ पावणेसात मीटरच्या रेषेबाहेरून, म्हणून तीन-तीन गुणांचे. सत्तावीस झाले. उरलेल्या तीन बास्केट दोन-दोनच्या, सहा. शिवाय तीन फ्री थ्रो. एकूण ३६. अमेरिकेकडून ऑलिम्पिकच्या एका सामन्यात सर्वाधिक गुण कार्मेलो अँथनीचे, २०१२ साली नायजेरियाविरुद्ध ३७. करी एकाने कमी पडला. हे ‘एकाने’ जरा हळहळून म्हणायचं. त्याआधीच्या चार सामन्यांत याच गृहस्थांचे वीसपैकी पाचच थ्री आत गेले होते, ही माहिती खिशात ठेवा. कोणी ‘करी म्हणजे काय, करीच!’ असं सुरू केलं की बाहेर काढा.

रिबाऊंड म्हणजे हुकलेला बॉल पकडणं. स्वतःच्या संघाचा हुकलेला वेगळा, समोरच्यांचा हुकलेला वेगळा. पुढे चला.

असिस्ट हा मात्र माझा आवडता रकाना, कारण त्यात माणसाचं मत शिरतं. पास दिला आणि समोरच्याने लगेच बास्केट केली तर असिस्ट. पण बास्केट त्या पासमुळेच झाली का, हे टेबलाजवळ बसलेला आकडेवाला ठरवतो. बॉल घेऊन तो गडी दोनदा टप्पा पाडून, एकाला चकवून गेला असेल तर? ठरवा. अख्ख्या तक्त्यात इतकी मोकळीक कुठेच नाही. या सामन्यात सर्बियाच्या निकोला योकिचचे ११ असिस्ट, आणि १७ गुण. तो उंचापुरा सेंटर, म्हणजे रूढ अर्थाने पास देणाऱ्यांतला नव्हे, घेणाऱ्यांतला. पलीकडे लेब्रॉन जेम्सचे १६ गुण, १२ रिबाऊंड, १० असिस्ट. तीन रकान्यांत दोन आकडी संख्या आली की तिला ट्रिपल डबल म्हणतात. लेब्रॉनने हेच २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध केलं होतं, आणि ऑलिम्पिकमध्ये दोनदा असं करणारा तो पहिलाच. पहिल्या वेळी सत्तावीस वर्षांचा होता, दुसऱ्या वेळी एकोणचाळीस. हे वय तक्त्यात नसतं, आपण घालायचं.

उजवीकडे अधिक-उणे चिन्हांचा एक रकाना आहे. खेळाडू मैदानात असताना त्याच्या संघाने किती गुण जास्त केले किंवा कमी, तो आकडा. पंगतीत तुम्ही बसलेले असताना जिलबी संपली तर ती तुमच्या नावावर, मग तुम्ही नुसतं ताक प्यालेले का असेना. एका सामन्यापुरता हा रकाना बिनकामाचा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. पण तज्ज्ञ दिसायचं असेल तर पहिल्यांदा त्याकडेच बोट दाखवा.

तक्त्यातली सगळ्यात वाचनीय ओळ मात्र ती, जिच्यात एकही आकडा नाही. जेसन टेटम. त्याच जूनमध्ये बॉस्टन सेल्टिक्सकडून एनबीए जिंकून आलेला. सर्बियाविरुद्ध गटातही आणि उपांत्य फेरीतही प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी त्याला एक मिनिटही मैदानात उतरवलं नाही. नावापुढे ‘खेळला नाही’, बस. बॉस्टनमधल्या लोकांनी त्या रिकाम्या ओळीवर जितकी चर्चा केली, तितकी भरलेल्या ओळींवर क्वचितच होते.

एवढं पाठ झालं की अडचणीचा प्रश्न येतो: ‘मग सामना फिरला कधी?’ इथे तक्ता तुमचा हात सोडतो, कारण त्याला घड्याळ नाही. पहिल्या मिनिटाचा थ्री आणि शेवटच्या मिनिटाचा थ्री त्यात शेजारी शेजारी, सारख्याच मानाने बसतात. घाबरू नका, वर कोपऱ्यात चारही डावांचे गुण बारीक अक्षरात असतात. तिसऱ्या डावाअखेर सर्बिया ७६, अमेरिका ६३. चौथ्या डावात अमेरिका ३२, सर्बिया १५. अंतिम ९५-९१. ‘तेरा गुणांनी पुढे असलेला संघ दहा मिनिटांत पंधरावरच अडकला, बोगदान बोगदानोविचचे वीस गुण वाया गेले,’ एवढं म्हणा आणि खिडकीबाहेर बघा. ही गोष्ट जागणाऱ्यालाही याहून फार वेगळी सांगता येणार नाही. अर्थात त्याच्या पोटात जो गोळा आला होता, तो तुम्हाला आणता येणार नाही. तसा आव आणू नका, लगेच ओळखू येतो.

गृहपाठ म्हणून दोनच दिवसांनी झालेला अंतिम सामना घ्या. अमेरिका ९८, फ्रान्स ८७. सर्वाधिक गुण हरलेल्या फ्रान्सच्या विक्टर वेम्बान्यामाचे, २६. करीचे २४, सगळे थ्रीवरचे, म्हणजे आठ. त्यातले चार त्याने शेवटच्या तीनेक मिनिटांत मारले, फ्रान्स अगदी जवळ येऊन ठेपलेलं असताना. हे चार तक्त्यात शोधू नका, सापडणार नाहीत. ते मिनिटामिनिटाच्या नोंदीत असतात, ती बरीच पानं भरते, आणि तेवढं वाचण्यापेक्षा सामना पाहिलेला स्वस्त पडतो.