लोकेशन बंद ठेवणारा गृहस्थ

अमरावतीहून नागपूरकडे निघालेल्या महामार्गावर, जिथे कापूस-तुरीची वावरे आणि एमआयडीसीचे कारखाने एकमेकांना खेटून आहेत, त्या नांदगाव पेठेत अलीकडे 'गोपनीयताव्रती' हा मनुष्यप्रकार आढळू लागला आहे. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा एकमताने दिला, ही बातमी त्याला तारखेसह पाठ असते. कांद्याचा भाव मात्र घरात विचारावा लागतो.

गोपनीयता म्हणजे आपली माहिती कोणाला दिसावी हे आपण ठरवणे, आणि सुरक्षा म्हणजे आगंतुकाला कुलूप तोडून आत न शिरू देणे. या दोहोंतला भेद तो चारचौघांना समजावतो खरा, परंतु त्याच्या स्वतःच्या खिशात ज्याला कंपनीने सुरक्षेचे अपडेट, म्हणजे सापडलेल्या फटी बुजवणारी डागडुजी, देणे केव्हाच थांबवले आहे असा म्हातारा फोन असतो. बैल घेताना आजोबा आधी दात पाहत. नातू फोन घेताना कोणते ॲप कोणती परवानगी मागते एवढेच पाहतो, वय विचारत नाही. परिणामी खिडक्यांना दुहेरी पडदे आणि दाराची कडी मोडकी, अशी त्याची अवस्था होते. ग्राफीनओएस ही गूगलच्या सेवा वगळून अँड्रॉइड चालवणारी प्रणाली त्याला शास्त्रोक्त वाटते. पण ती वर्षानुवर्षे गूगलच्याच पिक्सेल फोनवर चालत आल्याने, सासऱ्याशी अबोला धरून त्याच्याच ओसरीवर पथारी टाकण्यासारखा हा व्यवहार त्याच्या पचनी पडत नाही.

व्हॉट्सॲपच्या 2021 सालच्या नव्या अटी वाचून तो सिग्नल या ॲपवर गेला, तेव्हा तिथे शांतता उत्तम होती, कारण ओळखीचे कोणीच नव्हते; शेवटी कोणाची तेरवी कधी, हे कळेनासे झाल्यावर तो मुकाट्याने परतला. (ओटीपी मात्र तो सेतू केंद्रात, मागची रांग ऐकेल अशा खणखणीत आवाजात सांगतो, हेही नोंदवणे न्यायाचे ठरेल.) टोलनाक्यावर तो फोन विमान मोडवर टाकतो, परंतु रेडिओ लहरींनी ओळखला जाणारा काचेवरचा फास्टॅग पुण्यातल्या मुलाच्या खात्याला जोडलेला असल्याने, वडील निघाल्याची वर्दी पुण्यात तत्काळ पोहोचते.

त्याची खरी परीक्षा ई-पीक पाहणीत होते. 2021मध्ये राज्यभर आलेल्या या ॲपमध्ये, आपला पेरा सातबारावर स्वतः नोंदवायचा असेल तर वावरात उभे राहून, अक्षांश-रेखांशासह पिकाचा फोटो काढावा लागतो. म्हणून तो इकडेतिकडे पाहत लोकेशन चालू करतो, तुरीचा फोटो चढवतो आणि लगोलग ते बंद करतो. तेवढ्यात धुऱ्यावरून शेजारी हाक मारतो, "भाऊ, थे लोकेशन कायले बंद करता? तुमी वावरात हाय म्हून वयनीनं सकाळीच सांगतलं."