कॅमअण्णा

कोगनोळी नाक्यापासून बेळगावच्या उद्यमबागेपर्यंत कुठल्याही गॅरेजात संध्याकाळच्या वेळी डोकावा. एक मेस्त्री असतो, दोन काळी-तेलकट पोरं असतात, गाडी कधी मिळणार म्हणून ताटकळलेलं एक गिऱ्हाईक असतं. आणि यांपैकी कुणीच नसलेला एक गृहस्थ रिकाम्या ऑइलच्या डब्यावर बसलेला असतो. त्याची गाडी दुरुस्तीला आलेली नसते, त्याच्या हातात पाना नसतो आणि तिथला पगारही त्याला नसतो. तरी इंजिनाचं हेड उघडलं की मेस्त्री आधी त्याच्याकडे बघतो. हा कॅमअण्णा.

निपाणीत त्याला दादा म्हणतात, संकेश्वरात अण्णा, बेळगावात तोंडावर साहेब आणि पाठीमागं वेगळंच काहीतरी. सकाळी तो कागलच्या एमआयडीसीत पाळीला जातो. पगार महाराष्ट्राचा, गाडीची पाटी कर्नाटकाची केए-२३, पेट्रोल जिकडं स्वस्त तिकडचं. आजोबांनी शर्यतीचे बैल पाळले, वडिलांनी तंबाखू विकून बुलेट घेतली. वेगाचं वेड घराण्यातच आहे. याच्या पिढीत ते कॅमशाफ्टवर, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व उघडणाऱ्या दांड्यावर, येऊन बसलं.

गाडी ओढत नाही? कॅम झिजला असणार. अ‍ॅव्हरेज पडलं? कॅमचं टायमिंग. पोराचं लग्न जमत नाही? इथं अण्णा क्षणभर थांबतो, पण विचार कॅमचाच करत असतो. एकदा कॉलेजच्या एका पोरानं आरएक्स-१०० आणून उभी केली आणि म्हणाला, "अण्णा, हिला मोठा कॅम टाकूया की." अण्णाचा चेहरा असा उजळला, की जणू लॉटरी लागली. "अरे बाबा, टू-स्ट्रोकला कॅम नसतोय. कॅमनं उघडायचे व्हॉल्वच नाहीत तर तो उघडणार काय, तुझं डोकं? तिथं सिलिंडरला भोकं असतात, पिस्टनच ती उघडतोय नि झाकतोय." पोरगं गेलं. अण्णा मात्र आठवडाभर येईल त्याला हे सांगत होता.

त्याची स्वतःची गाडी मारुती ८००. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, चाळिशीच्या आतली अश्वशक्ती. या गाडीनं १९८३ ते २०१४ देशाला शाळेत, लग्नाला आणि दवाखान्यात पोचवलं. अण्णाला तिच्यावर तवंदीच्या घाटात ट्रक मागं टाकायचे आहेत, तेही नायट्रस ऑक्साइडवर. त्यासाठी उतरवलेलं इंजिन सध्या हॉलमध्ये टीपॉयवर आहे. वहिनींनी त्यावर क्रोशाचा रुमाल घातला आहे. पाहुणे आधी त्याला मिक्सर समजतात.

नायट्रसवर बोलायला लागला की अण्णाला थांबवणं अवघड. १७७२ साली प्रीस्टलीनं हा वायू बनवला. पुढं हम्फ्री डेव्हीनं तो स्वतः हुंगून पाहिला आणि हसत सुटला, म्हणून त्याला हास्यवायू म्हणतात. दातांच्या डॉक्टरांनी तो उचलला, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी विमानाच्या इंजिनात सोडला. "हवेत वजनानं २३ टक्के ऑक्सिजन, यात ३६ टक्के," अण्णा बोटांवर मोजत सांगतो. "बाटलीत द्रव असतोय. बाहेर आला की उणे ८८ डिग्रीला उकळतोय, म्हणजे आत जाणारी हवा थंडगार, दाट. सिलिंडरात तापला की फुटतोय नि ऑक्सिजन मोकळा. जादा ऑक्सिजन, जादा पेट्रोल, जादा ताकद." परदेशात गाडीच्या बाटलीत थोडा गंधकाचा वायू मिसळतात, कुणी हुंगून हसत बसू नये म्हणून, हेही तो सांगतो. अण्णाकडे बाटली नाही. हसायचं काम गॅरेजातली पोरं बाटलीशिवायच करतात.

आता मुद्द्याचं. क्रँक दोनदा फिरला की कॅम एकदा फिरतो. इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेत असेल तर एकेक व्हॉल्व सेकंदाला पन्नास वेळा उघडतो आणि मिटतो. तो कधी उघडायचा, किती उघडायचा, किती वेळ उघडा ठेवायचा, हे सगळं कॅमवरच्या उंचवट्याच्या आकारात कोरलेलं असतं. एक्झॉस्टचा व्हॉल्व अजून पुरता मिटलेला नाही आणि इनटेकचा उघडायला लागला आहे, असा एक काळ येतो. त्याला ओव्हरलॅप म्हणतात. अण्णा तो एका वाक्यात समजावतो: "ओव्हरलॅप म्हणजे आमचा सीमाभाग. एकानं सोडलेलं नाही, दुसऱ्यानं धरलंय, नि मधला माल कुणीकडं जाईल सांगता येत नाही." १९५६ पासून सीमावाद अनुभवलेल्या माणसांना याहून जास्त सांगावं लागत नाही.

साध्या शर्यतीच्या इंजिनाला हा ओव्हरलॅप मोठा लागतो. जोरात फिरताना बाहेर जाणारा धूर नवी हवा ओढून घेतो. पोरांना तो आवडतो तो वेगळ्याच कारणानं. मोठ्या कॅमची गाडी उभ्या जागी धड-धड, अडखळत वाजते आणि अख्खी गल्ली बाहेर येऊन बघते. नायट्रसला मात्र उलटी गरज. गॅस दाबानं आत येतो, त्याला ओढायला कुणी लागत नाही. ओव्हरलॅप मोठा ठेवला तर तोच महागाचा गॅस जळण्याआधी सायलेन्सरातून निघून जातो. म्हणून दोन्ही उंचवट्यांच्या मध्यांतलं अंतर वाढवतात, ११२ ते ११६ डिग्रीपर्यंत. जळलेला धूर नेहमीपेक्षा बराच जास्त असतो, म्हणून एक्झॉस्टचा व्हॉल्व इनटेकपेक्षा दहाएक डिग्री जास्त वेळ उघडा ठेवतात. ठिणगी थोडी उशिरा पाडतात. आणि पेट्रोल वाढवायला विसरलं तर पिस्टन वितळतो. मेस्त्रीच्या गॅरेजात गणपतीच्या तसबिरीखाली असा एक पिस्टन आहे. डोक्याला आरपार भोक, त्या भोकात उदबत्ती. कुणाच्या गाडीचा, हे मेस्त्री सांगत नाही.

अण्णाला हे सगळं पाठ आहे आणि सगळं बरोबर आहे. दुसऱ्याच्या इंजिनाला तो मिनिटात कॅम सांगतो. स्वतःच्या इंजिनाची पाळी आली की त्याच्या डोक्यात ११२ आणि ११४ यांची तारीख पे तारीख सुरू होते. मेस्त्री म्हणतो, "अण्णा, ऑक्सिजन गॅसच आणणार, तर कॅमला कशाला एवढं राबवताय? जवळजवळ कंपनीचाच असूदे, एक्झॉस्ट तेवढा मोकळा करा." अण्णाला पटतं. "बरोबर बोलतासा मेस्त्री, खरं घाटात वरच्या रेसला कमी पडला तर?" इथला 'खरं' म्हणजे पुण्याचा 'पण'. या 'खरं'नंतर एक वर्ष जातं.

शेवटी एकदाचा तो कॅम घेऊन उद्यमबागेतल्या ग्राइंडरवाल्या काकांकडे गेला. काकांनी कॅम दोन व्ही-ब्लॉकवर आडवा ठेवला, डायल गेजची सुई टेकवली आणि हातानं हळू फिरवला. सुई चढली, उतरली. अण्णा श्वास रोखून बघत होता. पोरीच्या दहावीच्या निकालाला एवढा गंभीर नव्हता. काका म्हणाले, "गोल भाग घासला की नाक आपोआप वर येतंय. लिफ्ट वाढंल, खरं टॅपेट तेवढं खाली घ्याय लागतील. सेंटर किती ठेवू?"

अण्णानं खिशातनं चिठ्ठी काढली. "एकशे चौदा."

काकांनी बिडीच्या कट्ट्यावर आकडा लिहून घेतला. चाकाची मोटर सुरू केली. चाक कॅमला टेकायला बोटभर अंतर असताना अण्णा ओरडला, "काका, थांबा! बारा का चौदा, तेवढं सकाळी फोन करून सांगतो."

काकांनी मोटर बंद केली आणि कॅम वर्तमानपत्रात गुंडाळून परत दिला. घासणावळ घेतली नाही.

वहिनींना काळजी नाही. "गाडी उघडी आहे तोवर पोलीस पकडत नाहीत," असं त्या म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कॅम, बाटली, जेट, सायलेन्सर असा हिशोब धरला तर अण्णानं काहीच न करून चांगलीच बचत केली आहे.

तेव्हा रस्त्यासाठी नव्हे, ट्रॅकसाठी कुणाला गॅसवर इंजिन करायचंच असेल, तर अण्णाचा सल्ला जरूर घ्या. ओव्हरलॅप कमी, एक्झॉस्ट मोकळा, पेट्रोल भरपूर, ठिणगी उशिरा. एवढं वहीत उतरवा, चहाचे पैसे द्या आणि उठा. दुसऱ्या चहाला थांबू नका. थांबलात, तर 'खरं' सुरू होईल आणि तुमचाही कॅम वर्तमानपत्रात गुंडाळून परत येईल.