गेटवरचे सर

दहा वाजून वीस मिनिटं. फाटकाचं मोठं दार बंद, छोटं उघडं, आणि छोट्या दारात सर. मोठं दार बंद ठेवण्यामागं हिशेब आहे. छोट्या दारातून एका वेळी एकच पोरगं आत येतं आणि येताना मान खाली घालतं. तेवढ्यात सरांना मानेवरचे केस दिसतात, शर्ट खोचलाय की नुसता पुढून दाबलाय ते कळतं, आणि बूट तर समोरच येतात.

शाळा नांदेडच्या श्यामनगरात असो की लातूरच्या औसा रोडला, हे सर असतातच. कागदोपत्री पर्यवेक्षक, मूळचे पी.टी.चे. लातूरच्या गंजगोलाईला 16 रस्ते येऊन मिळतात. शाळा बुडवलेला पोरगा त्यातल्या कुठल्याही रस्त्यानं सटकला, तरी कोपऱ्यावर सरांची स्कूटर उभी असते अशी आख्यायिका आहे.

"कुठं निघूलालास रे हिरो?"

"वर्गात, सर."

"ह्या बुटावर?"

बूट काळेच होते. सर वाकले. "तळवा पांढराय."

"सर, तळवा खाली असतोय."

मागची रांग खुसखुसली. सरांनी पोराकडं पाहिलं आणि त्याला आत सोडलं. हजरजबाबीपणाची त्यांना गुपचूप कदर आहे. फक्त ती प्रार्थनेनंतर तीन फेऱ्या मारून घेऊन व्यक्त होते.

केसांचं प्रकरण जास्त गंभीर. कानावर कोरलेली रेघ, भुवईतला कट, कपाळावर सोडलेली झुलपं यांची नावं सरांना पोरांपेक्षा चांगली पाठ आहेत. कट कुठल्या दुकानात मारला तेही ते ओळखतात, कारण दुकानदार बहुधा त्यांचाच माजी विद्यार्थी. मग फोन लागतो. "काय रे, हे तूच केलंस ना?" पलीकडून चाळिशीतला माणूस "जी सर, चुकलं सर" म्हणतो. नांदेडच्या सरांना मात्र थोडा दिलासा आहे. शीख पोरं पटका बांधून येतात, तिथं कटिंगचा विषयच निघत नाही. सगळ्यांनाच पटका असता तर आपलं ब्लडप्रेशर नॉर्मल राहिलं असतं, असं ते स्टाफरूममध्ये एकदा बोलून गेले.

मुलींच्या दोन वेण्या आणि रिबिनी हे खातं मॅडमकडं. मेंदीवर मात्र कुणाचाच इलाज चालत नाही. लग्नसराईत प्रत्येकीच्या घरी एक तरी मावशी लग्नाची निघते.

पूर्वी सरांच्या हातात छडी होती. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 ला. त्याच्या सतराव्या कलमानं शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळालाही बंदी घातली. छडी कपाटावर गेली. आता ती दिवाळीआधी जळमटं काढायला खाली उतरते. खरी पंचाईत झाली ती बापांमुळं. हे बापही सरांच्याच हातचे. पोराची तक्रार ऐकायला बोलावलं की म्हणतात, "सर, दोन ठेवून द्या की. आमाला द्यायचेच की तुम्ही!" सरांना कायदा समजावून सांगावा लागतो. ज्याला स्वतः हाणलं त्यालाच न हाणण्याचे फायदे सांगताना सरांची नजर हळूच खिडकीबाहेर जाते.

त्यात 2024 उजाडलं. त्या मार्चमध्ये शासनानं शिक्षकांनाच ड्रेसकोड लावला. जीन्स नको, टी-शर्ट नको, पुरुषांनी शर्ट खोचलेला हवा. शिवाय नावाआधी 'टी' लावा. पी.टी.च्या सरांना आणखी एक टी मिळाला. दुसऱ्या दिवशी छोट्या दारात एका पाचवीतल्या पोरानं सरांकडं वरून खाली निरखून पाहिलं. बोललं काहीच नाही. सरांनी मात्र नकळत पोट आत घेतलं आणि शर्ट चाचपला.

त्याच वर्षी घरातही गणवेश शिरला. सरांच्या मिसेस जिल्हा परिषदेच्या शाळेत. 'एक राज्य एक गणवेश' म्हणून सगळीकडं एकच आकाशी शर्ट ठरला, शिलाई बचत गटांकडं गेली. पण कपडे उशिरा आले आणि बऱ्याच ठिकाणी मापाची बोंब झाली. शेवटी डिसेंबर 2024 मध्ये गणवेशाचे अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडं आले. मिसेस तक्रार सांगायच्या आणि सर चहा पिता पिता विचारायचे, "पण खोचलेला असतो का?"

सरांना मनापासून आदर एकाच संस्थेचा, नीट घेणाऱ्यांचा. लातूर आणि नांदेड ही नीटच्या क्लासेसची गावं. जो पोरगा दहा वर्षं बुटासाठी वाद घालतो, तो मेच्या पहिल्या पंधरवड्यात एका सूचनेवर अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालतो, घड्याळ घरी ठेवतो आणि दीडच्या आत गेटवर हजर होतो. दीडला गेट बंद. 'सर, प्लीज' चालत नाही.

शाळेत केंद्र पडलं, त्या रविवारी सर सवयीनं फाटकाशी जाऊन उभे राहिले. तपासणारे दुसरे, यंत्रं दुसरी. मोठं दार सताड उघडं होतं. रांगेत तोच हिरो, आता बारावीचा. कटिंग साधी, शर्ट अर्ध्या बाह्यांचा, पायात चप्पल.

"सर, बूट चालत नाहीत," तो आपणहून म्हणाला.

"माहिताय," सर म्हणाले आणि सवयीनं खाली वाकले. चपलेचा तळवा पांढराच होता.